हॉलमधल्या टीव्हीला जोडायला आवाज न करणारा संगणक

ओसरी

गरज आधी सांगते, म्हणजे चर्चा गेमिंगकडे वळणार नाही.

सासऱ्यांकडे मराठी नाटकांच्या आणि सिनेमांच्या व्हीसीडींचा मोठा खोका आहे. शिवाय घरातल्या लग्नमुंजींच्या व्हीएचएस कॅसेटी आहेत. त्या मागे एका दुकानातून फाइली करून आणल्या होत्या. डीव्हीडी प्लेयरने केव्हाच राम म्हटलाय. आता हे सगळं एका जागी साठवून सोफ्यावर बसल्या बसल्या रिमोटने लागायला हवं. बाबांच्या (सासऱ्यांच्या) हातात माउस द्यायचा नाही, ही माझी अट.

दुसरी अट सासूबाईंची. घर पुण्यातला वन बीएचके. त्या हॉलमध्येच दिवाणावर झोपतात आणि टीव्हीचं युनिट त्यांच्या उशाशी. नवऱ्याचा जुना डेस्कटॉप पडून होता (इंटेलचा सातव्या पिढीचा आय५, १ टीबीची हार्डडिस्क, एक जुनं ग्राफिक्स कार्ड), तो लावून बघितला. चित्र झकास, पण घरघर ऐकवत नाही. छताचा पंखा तीनवर असतो तोवर कुणाची तक्रार नाही. थंडीत पंखा बंद झाला की खोलीत दुसरं काही ऐकूच येत नाही.

डोक्यात तीन पर्याय आहेत: हाच डेस्कटॉप शांत करायचा, इंटेलच्या एन१०० चिपचा मिनी पीसी घ्यायचा, किंवा रास्पबेरी पाय (तळहाताएवढा एका बोर्डाचा संगणक). कॅबिनेट उघडायची भीती नाही. पैसे जपून खर्चायचेत.

डबलबेल

फायर स्टिक घ्या, पेनड्राइव्ह लावा, झोपा. तिला पंखाच नाही.

ओसरी

@डबलबेल, ओटीटी टीव्हीतच आहे, त्याची काळजी नाही. पेनड्राइव्ह टीव्हीला लावून झाला. व्हीसीडीतली डॅट फाइल टीव्ही ओळखत नाही, आणि लग्नाच्या फाइलींत माणूस जरा हलला की त्याच्या कडांना कंगव्याचे दात फुटतात.

लिंबूटिंबू

भोळा प्रश्न. सासूबाई झोपल्यावर संगणक चालू कशाला ठेवायचा? स्लीपमध्ये टाकला की सगळे पंखे बंद.

ओसरी

कारण बाबांना झोप येत नाही. रात्री दीड-दोनला हेडफोन लावून नाटक बघतात. सासूबाईंना चित्राच्या उजेडाचा त्रास नाही, घरघरीचा आहे. चाळीस वर्षं घोरणं सहन केलं, आता हे नको, असं त्यांचं म्हणणं.

मंद्र

सासूबाईंना नमस्कार सांगा. :)

दातांचा विषय कुणीतरी घेईलच, मी आवाजाबद्दल लिहितो. जरा लांब होईल.

शांत संगणक म्हटलं की लोक आधी महागडे पंखे बघतात. मी उलट्या टोकाकडून सुरुवात करतो. पंखा फिरतो उष्णता बाहेर टाकायला. उष्णताच कमी तयार झाली तर त्याला फिरायचं कारण उरत नाही. तेव्हा आधी कामाचा अंदाज घ्या. पाल पद्धतीच्या (म्हणजे भारतातल्या टीव्हीच्या) व्हीसीडीचं चित्र ३५२ × २८८ ठिपक्यांचं, सेकंदाला २५ चौकटी, एमपेग-१, चित्र ११५० किलोबिट आणि ध्वनी २२४ किलोबिट. कॅसेटींच्या फाइली फार तर ७२० × ५७६. हे उलगडायला तुमच्या आय५ला घाम फुटत नाही. ४के, एचडीआर, डॉल्बी वगैरे शब्द या धाग्यापुरते विसरा.

म्हणून पहिलं काम, ग्राफिक्स कार्ड काढून बाजूला ठेवा. प्रोसेसरमध्ये चित्राचा भाग आहेच. सातव्या पिढीत तो १० बिट एचईव्हीसी आणि व्हीपी९ (व्हिडिओ दाबायच्या नव्या पद्धती) सुद्धा हार्डवेअरमध्ये उलगडतो. एव्ही१ नाही, ते इंटेलकडे अकराव्या पिढीपासून आलं. पण तुमच्या खोक्यात एव्ही१ काय करणार? कार्डाबरोबर त्याचा छोटा किरकिरा पंखाही जातो. बहुधा तुमची निम्मी घरघर तिथेच असेल.

दुसरं, हार्डडिस्क. हिशेब करून बघा. ७४ मिनिटांची भरलेली व्हीसीडी साधारण ७५०–८०० एमबी. शंभर चकत्या धरल्या तरी ८० जीबीच्या आत. ४८० जीबीची एसएसडी घेतलीत तर खोका, लग्नं, मुंजी सगळं मावून जागा उरेल. एसएसडीत फिरणारं काही नाही, म्हणजे आवाज नाही आणि युनिटच्या प्लायवूडमध्ये उतरणारी थरथरही नाही. हार्डडिस्कचा आवाज बऱ्याचदा डिस्कचा नसतोच. ती ज्या पत्र्यावर आणि फळीवर घट्ट बसवली आहे तो पत्रा नि ती फळी वाजत असते. डिस्क बाहेर काढून तिच्यावर सगळ्याची दुसरी प्रत ठेवा आणि कपाटात टाका. व्हीसीडी पुन्हा मिळणार नाहीत.

तिसरं, पंख्याचा सूर. डेसिबलचे आकडे फसवे असतात, कारण कान सगळ्या सुरांना सारखा नसतो. दोन ते चार हजार हर्ट्झच्या पट्ट्यात तो सगळ्यात तिखट. आता गणित करा. मिनी पीसीतला चिमुकला ब्लोअर समजा ३७ पात्यांचा आहे आणि मिनिटाला ४५०० फेरे घेतोय: सेकंदाला ७५ फेरे गुणिले ३७, म्हणजे २७७५ हर्ट्झ. बरोब्बर कानात घुसणारा. याउलट १२० मिलिमीटरचा सात पात्यांचा पंखा ७०० फेऱ्यांवर चालवला तर सूर येतो ८२ हर्ट्झच्या आसपास, तोही इतका क्षीण की तीन मीटरवरून शोधावा लागतो. वेग निम्मा केला की पंख्याचा आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो, हा ढोबळ नियम. हवाही निम्मी होते, म्हणून पंखा मोठा घ्यायचा आणि हळू फिरवायचा. या एका बाबतीत मोठं टॉवर कॅबिनेट छोट्या डबीपेक्षा शांत करणं सोपं असतं. लोकांना हे पटत नाही, पण आहे.

आणि एक. सतत एका पट्टीत चालणारा मंद आवाज मेंदू विसरतो. चढ-उतार विसरत नाही. त्यामुळे बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन पंख्याची चढण सपाट करा. ६०–६५ अंशांपर्यंत एकच कमी वेग, पुढेच वाढ. टर्बोही (प्रोसेसरने आपोआप वेग वाढवायची सोय) बंद करा. तुमच्या कामाला तो लागत नाही आणि क्षणभर तापमान उडी मारतं ते त्याच्यामुळेच.

शून्यडेसिबल

मंद्र यांनी छान लिहिलंय, पण टॉवरवर एवढा जीव कशाला? बिनपंख्याचा एन१०० घ्या. जानेवारी २०२३ मध्ये आलेली चिप, चार कोअर, ६ वॉटची. पूर्ण धातूचं खोकं हाच हीटसिंक. एव्ही१ हार्डवेअरमध्ये. रात्रंदिवस चालू ठेवला आणि भिंतीवरून सरासरी १० वॉट घेतले असं धरलं तर महिन्याला ७.२ युनिट. जुना टॉवर ६० वॉट खात असेल तर ४३ युनिट. फरक बिलात दिसतो.

टेस्टरपक्कड

बिनपंख्याचं खोकं नागपुरात मे महिन्यात चालवून दाखवा भाऊ, मग बोलू.

शून्यडेसिबल

मुद्दा पुण्याचा आहे, पण नागपूरही चालेल. खोकं खोलीपेक्षा किती अंश वर जाणार हे वॉटवर ठरतं, गावावर नाही. खोली २५ अंशांवर असताना चिप ६०ला स्थिरावत असेल तर ४२ अंशांच्या खोलीत ती ७७ला स्थिरावेल. एन१००ची मर्यादा १०५ आहे. चिप मरत नाही.

टेस्टरपक्कड

चिप नाही मरत, मान्य. आजूबाजूचं मरतं. त्याच डबीत एनव्हीएमई एसएसडी चिपच्या पाठीला चिकटून बसलेली असते, तिला ७०–८० अंश झेपत नाहीत, ती वेग मारते. शिवाय विकणारे लोक बायोसमध्ये त्या ६ वॉटच्या चिपला १५–२० वॉटची परवानगी देऊन ठेवतात, म्हणजे चाचणीत आकडे बरे दिसतात. घेतल्यावर आधी बायोसमध्ये जाऊन ती मर्यादा खाली आणा. आणि तुमचा हिशेब उघड्यावरचा आहे. टीव्ही युनिटचं दार लावलं की आतली "खोली" ४२ची राहत नाही. शेजारी सेट-टॉप बॉक्स, राउटर, सगळे आपापली भर घालतात.

आमच्याकडे आवाजाचा प्रश्न तसाही नाही. एप्रिलपासून कूलर चालू असतो, तेव्हा नाटकातली तोफ उडाली तरी ऐकू येत नाही. कूलरच्या झोतात मात्र संगणक ठेवू नका, ओलावा बोर्डावर बसतो.

मंद्र

युनिटच्या दाराबद्दल +१. पाठीमागचं प्लाय काढून टाका, किंवा निदान वर आणि खाली हाताएवढी भोकं पाडून घ्या. गरम हवा वर जाते, तिला वाट हवी. बंद कपाटात महागातला महाग शांत पंखासुद्धा तीच गरम हवा गोल गोल फिरवतो आणि वेग वाढवत नेतो. आणि कॅबिनेट फळीवर थेट ठेवू नका, खाली रबराचे पाय किंवा जाड फेल्ट.

एडिसनचा नाना

कंगव्याच्या दातांबद्दल मी बोलतो, कारण त्यात मी हात पोळून घेतलेत.

व्हीएचएसवरचं चित्र सेकंदाला २५ पूर्ण चौकटींचं नसतं, ५० अर्ध्या चौकटींचं असतं. एकदा विषम ओळी, एकदा सम ओळी. जुना काचेचा टीव्ही त्या तशाच एकामागून एक रंगवायचा. आताचा पडदा दोन अर्धुकं एकत्र करून दाखवतो. दोन्हींच्या मध्ये सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचं अंतर आहे. तेवढ्यात नवऱ्यामुलीचा हात हलला की ओळी जुळत नाहीत आणि दात दिसतात. उपाय म्हणजे डीइंटरलेसिंग, आणि ते बघताना प्लेयरने करायचं. कोडीत (व्हिडिओ लावायचा मोफत प्लेयर) चित्र चालू असताना व्हिडिओच्या सेटिंगमध्ये ते मिळतं. चांगल्या पद्धतीने केलं तर ५० अर्ध्या चौकटींमधून ५० पूर्ण चौकटी मिळतात आणि हालचाल पूर्वीच्या टीव्हीसारखी सळसळीत दिसते.

दुकानदार अनेकदा "साफ करून देतो" म्हणत २५ चौकटींत दाबून देतात. निम्मी हालचाल कायमची गेली. ओसरीताई, तुमच्या फाइलींत दात दिसतायत ही चांगली बातमी आहे, म्हणजे मूळ माल शाबूत आहे. त्या फाइली कुणाकडून "सुधारून" घेऊ नका. तळाशी एक फडफडणारी पट्टी दिसेल, ती हेड बदलतानाची. ती प्रत्येक व्हीएचएसवर असते, झूम थोडा वाढवला की पडद्याबाहेर जाते.

आता वेग. भारतातलं हे सगळं २५/५० चं आहे. टीव्ही ६० हर्ट्झवर असेल तर ६० ला २५ने भाग जात नाही; मग एक चौकट दोनदा, पुढची तीनदा, असं करत पाच चौकटी बारा वेळांत बसवतात. नाटकात कॅमेरा एका जागी असतो म्हणून कळत नाही, पण श्रेयनामावली वर सरकायला लागली की ठेचकाळते. कोडीत पडद्याचा वेग चित्राप्रमाणे बदलण्याची सोय आहे, ती "सुरू करताना व थांबवताना" अशी लावा. भारतात घेतलेले टीव्ही ५० हर्ट्झ बिनतक्रार घेतात. इथे अमेरिकेतले बरेच जुने टीव्ही घेत नाहीत. आईने पाठवलेल्या सगळ्या चकत्या माझ्या जुन्या टीव्हीवर अडखळतच चालायच्या.

अवांतर: टीव्हीवर चित्र ताणू नका. ४:३ आहे ते ४:३ राहू द्या. आमच्या घरात सगळ्या आत्या वर्षानुवर्षं जाड दिसत होत्या.

डबलबेल

आमच्या आत्या ४:३ मध्येही जाडच दिसतात.

ओसरी

नानाकाका, हे फारच उपयोगी. दुकानातून दोन प्रकारच्या फाइली आल्यात, काही एमपेग-२ आणि काही खूप मोठ्या एव्हीआय, तासाला १३ जीबी वगैरे. मोठ्या उडवू का?

एडिसनचा नाना

नका!! तासाला १३ म्हणजे त्या डीव्ही (डिजिटल कॅमकॉर्डरची कमी दाबलेली पद्धत) आहेत, त्याच अस्सल. एसएसडीवर एमपेग-२ वाल्या ठेवा आणि डीव्ही वाल्या कपाटातल्या डिस्कवर.

खळं

रत्नागिरीहून. व्हीसीडी उतरवण्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

चकतीत एमपेगएव्ही नावाचं फोल्डर असतं, त्यात एव्हीसेक०१ अशा नावाची डॅट फाइल. विंडोजवर ती सरळ कॉपी होते. लिनक्सवर नेहमीसारखी कॉपी करायला गेलात तर मध्येच त्रुटी येते, कारण व्हीसीडीच्या चित्राचे सेक्टर साध्या डेटासारखे नसतात. तिथे व्हीसीडीएक्सरिप नावाचा प्रोग्राम वापरा. मग एफएफएमपेग या दुसऱ्या प्रोग्रामने आतला माल न बदलता नुसतं वेष्टन बदलून एमपीजी करून घ्या. मिनिटभराचं काम, दर्जा तसूभर कमी होत नाही. पुन्हा एनकोड करायच्या फंदात पडू नका. ११५० किलोबिटचं एमपेग-१ आधीच चौकोन चौकोन झालेलं असतं, त्याला आणखी दाबलं की नटाचा चेहराच जातो.

हे सगळं एकदाच आणि दिवसा करा. सीडी ड्राइव्ह हा घरातला सगळ्यात गोंगाटी भाग. चरे पडलेली चकती असेल तर ड्राइव्हचा वेग कमी करून वाचा, पुष्कळदा निघते. मऊ सुती फडक्याने मधून कडेकडे सरळ पुसायची, गोल गोल नाही. काम झालं की ड्राइव्हची केबल काढून ठेवा.

नावं देताना एक युक्ती. नाटक दोन-तीन चकत्यांवर असतं. फाइलींच्या शेवटी सीडी१, सीडी२ असं रोमन लिपीत जोडा, बाकी नाव अक्षरशः एकसारखं ठेवा. कोडी त्या जोडून एकच नाटक म्हणून दाखवतं आणि पहिली संपली की दुसरी आपोआप सुरू होते. तुमच्या बाबांना मध्यंतरानंतर उठावं लागणार नाही. नाटकांची माहिती आंतरजालावरच्या चित्रपटसूचीत शोधायला लावू नका. भलत्याच परदेशी सिनेमाचं पोस्टर चिकटतं. फोल्डरमध्ये व्हीसीडीच्या कव्हराचा फोटो पोस्टर म्हणून ठेवा. बाबा कव्हर ओळखतात, नाव वाचत नाहीत.

कोकणातून एक सूचना: कॅसेटवर पांढरी बुरशी दिसली तर ती व्हीसीआरमध्ये घालू नका. हेड खराब होतं आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला ती बुरशी लागते.

शून्यडेसिबल

ठीक आहे, एवढीच गरज असेल तर एन१००ही जास्तच झाला. मग माझं मत बदलून रास्पबेरी पाय ४, धातूच्या बिनपंख्याच्या डबीत, त्यावर लिब्रेइलेक (फक्त कोडी चालवणारी छोटी लिनक्स प्रणाली). आवाज शून्य. पाय ५ घेऊ नका. त्याला बहुतेक जण पंखा लावतातच, आणि त्यात एच.२६४ चं हार्डवेअर डीकोडिंग काढून टाकलंय.

मंद्र

पाय ४ मध्ये एमपेग-२चं हार्डवेअर डीकोडिंगही नाही हे सांगून ठेवा, नाहीतर ताई घाबरतील. ७२० × ५७६ ला ते लागत नाही, प्रोसेसर सहज ओढतो. डीइंटरलेसिंगही. पायचा खरा फायदा वेगळाच आहे: एचडीएमआय-सीईसी. टीव्हीच्याच रिमोटचे बाण आणि ओके बटण कोडीला कळतात. बाबांना दुसरा रिमोट शिकवायचा नाही. डेस्कटॉपच्या एचडीएमआयमध्ये हे जवळपास कधीच नसतं. तिथे मग फ्लर्क नावाचा यूएसबी रिसीव्हर लावावा लागतो. डीव्हीडी प्लेयरचा जुना रिमोट त्याला शिकवता येतो.

मेमरी कार्डावर मात्र विसंबू नका. लाइट गेली की कार्ड बिघडण्याची शक्यता फार. पायलाही यूएसबीवरून एसएसडीच लावा.

ओसरी

डीव्हीडी प्लेयरचा रिमोट अजून आहे! बाबा तो टाकू देत नाहीत. बटणावरचे आकडे पुसले गेलेत पण बोटांना पाठ आहेत.

ठरवलंय असं: एसएसडी कशीही लागणारच, ती आधी घेते. टॉवरमधून कार्ड आणि डिस्क काढून, लिब्रेइलेक टाकून ऐकून बघते. पुरेसं शांत झालं तर फ्लर्क. नाही झालं तर तीच एसएसडी पायला.

दोन प्रश्न. एक, सातव्या पिढीच्या बोर्डाची एचडीएमआय ४केला ३०च हर्ट्झ देते असं वाचलं, ते खरं का? दोन, पॉवर सप्लायमधला पंखासुद्धा जुना आहे, तो बदलता येईल?

टेस्टरपक्कड

एक: बहुतेक बोर्डांवर खरं आहे, तिथे एचडीएमआय १.४ आहे. पण तुम्ही ४के लावूच नका. १०८० आणि ५० हर्ट्झ लावा, पुढचं मोठं करायचं काम टीव्ही करेल. ३५२ ठिपक्यांचं चित्र कुणीही मोठं केलं तरी ते ३५२ ठिपक्यांचंच असतं. ५० हर्ट्झ मिळणं तुमच्यासाठी जास्त मोलाचं, नानांनी सांगितलंच आहे.

दोन: पॉवर सप्लाय उघडायचा नाही. आतले कपॅसिटर वायर काढल्यावरही भरलेले राहतात. बदलायचा तर अख्खा बदला आणि कमी लोडला पंखा थांबवणारा घ्या. कार्ड काढल्यावर तुमचा संगणक इतकं कमी घेईल की त्याचा पंखा रात्रभर सुरूच होणार नाही. आधी आहे तो ब्रशने साफ करून ऐका, जाळीतली धूळ निघाल्यावरच फरक पडतो. प्रोसेसरचा कूलर साफ करताना ब्लोअर मारत असाल तर पाती बोटाने धरून ठेवा, भन्नाट फिरवू नका, बेअरिंग जातं. थर्मल पेस्ट एवढ्या वर्षांत वाळली असेल, नवी लावा.

कॅबिनेटला मागे एक १२० चा पंखा पुरे. बाकी काढा. तीन पिनांचा असेल तर बायोसमध्ये डीसी मोड (व्होल्टेज कमी-जास्त करून वेग ठरवणारा) निवडावा लागतो, नाहीतर तो पूर्ण वेगाने पळतो आणि तुम्ही पंख्याला शिव्या घालता.

लिंबूटिंबू

हेडफोन ब्लूटूथ असेल तर ओठ आणि आवाज जुळणार नाहीत. आमच्याकडे तेच झालं होतं.

मंद्र

कोडीत ध्वनी मागे-पुढे सरकवता येतो. ब्लूटूथवर आवाज उशिरा पोचतो, म्हणून ध्वनी थोडा आधी सोडायचा. आकडा कानाने जुळवा आणि सगळ्या फाइलींसाठी तोच ठरवून टाका. एकदाच करायचं काम. बाबांना वायर चालत असेल तर टीव्हीच्या हेडफोन जॅकला लांब वायर लावणं सगळ्यात उत्तम. चार्जिंगची कटकट नाही.

ओसरी

आज कॅबिनेट उघडलं. कार्ड आणि डिस्क काढली, धूळ इतकी निघाली की फोटो टाकायची लाज वाटतेय. एसएसडी अजून आलेली नाही म्हणून नुसतं बायोसपर्यंत चालवून ऐकलं. सासूबाई म्हणाल्या, "चालू आहे का?" एवढं आत्तापुरतं बास.

पण एक नवीनच. टीव्ही जोडलेला असताना कॅबिनेटच्या मागच्या पत्र्याला हात लागला तर बारीक झिणझिण्या येतात. आधी कधी लक्षात आलं नव्हतं. आणि टीव्हीच्या जॅकला हेडफोन लावला तर मागे बारीक गूं ऐकू येतं. केबलवाल्याची वायर काढली की गूं थांबतं.

टेस्टरपक्कड

दोन्हींचं मूळ एकाच ठिकाणी असण्याची दाट शक्यता आहे: तुमच्या त्या सॉकेटला अर्थिंग नाही. संगणकाच्या पॉवर सप्लायमध्ये गोंगाट गाळायला दोन छोटे कपॅसिटर असतात, फेज आणि न्यूट्रलपासून बॉडीकडे. अर्थ असेल तर तो बारीक प्रवाह जमिनीत जातो. नसेल तर पत्रा साधारण निम्म्या व्होल्टेजवर, ११५च्या आसपास, तरंगत राहतो. प्रवाह अगदी थोडा म्हणून नुसत्या झिणझिण्या. आता केबलवाल्याची वायर दुसरीकडे कुठेतरी जमिनीला जोडलेली. मग तोच प्रवाह तुमच्या एचडीएमआयच्या कवचातून टीव्हीत आणि तिथून केबलकडे जातो. तेच गूं.

एसएसडी येईपर्यंत इलेक्ट्रिशियन बोलावून सॉकेटचा अर्थ मोजून घ्या. फेज–अर्थ आणि फेज–न्यूट्रल जवळपास सारखं दाखवायला हवं, आणि न्यूट्रल–अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. एक्स्टेन्शन बोर्ड वापरत असाल तर तोही तपासा, स्वस्तातल्या बोर्डात तिसरं भोक असतं पण आत वायरच नसते. गूं घालवायला प्लगची अर्थची पिन कापा असा सल्ला कुणीतरी देईलच, तो ऐकायचा नाही. अर्थ नीट करूनही गूं राहिलं तर केबलच्या वायरीत आयसोलेटर टाकू, त्याचं नंतर बघू. तोवर एचडीएमआय लावताना-काढताना दोन्हींचे प्लग भिंतीतून बाहेर.

ओसरी

एक्स्टेन्शन बोर्डच आहे. उघडून बघते.

ओसरी

तिसऱ्या भोकात वायर नाही.